गेमिंग संगणकात एकाहून अधिक ड्राइव्ह: कशावर काय ठेवावे आणि जोडणी कशी करावी

गेमिंगसाठी संगणक जोडणारी बहुतेक मंडळी प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड निवडण्यात महिने घालवतात आणि साठवणुकीचा विचार अगदी शेवटी, उरलेल्या पैशांत करतात. मग सहा महिन्यांत ५०० जीबीची एसएसडी (चिपांवर माहिती साठवणारा ड्राइव्ह) भरते, घाईने दुसरा ड्राइव्ह आणला जातो, जिथे जागा दिसेल तिथे तो बसवला जातो, आणि कशावर काय आहे हे पुढे घरात कोणालाच नीट सांगता येत नाही. ज्यांनी केबिनेटचे झाकण अजून उघडलेले नाही किंवा एखाद्याच वेळी उघडले आहे, अशा वाचकांसाठी हा लेख आहे. विंडोज ११ वर चालणाऱ्या घरगुती डेस्कटॉपचे एकच उदाहरण मी शेवटपर्यंत धरणार आहे. त्यात विंडोजसाठी ५०० जीबी किंवा १ टीबीची एनव्हीएमई (नव्या, वेगवान जोडणी-पद्धतीची) एसएसडी आहे, गेमसाठी २ टीबीची दुसरी एसएसडी आहे, आणि रेकॉर्डिंग, फोटो व जुन्या फायलींसाठी ४ टीबीची फिरती हार्ड डिस्क आहे.

खरेदीआधी प्रत्येक ड्राइव्हसाठी दोन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत: याच्यावर काय राहणार, आणि हा उद्या बंद पडला तर काय जाणार? पुढची प्रत्येक पायरी याच दोन उत्तरांवर उभी आहे.

कामाची वाटणी

आपल्याकडे दुकानातून जोडून आणलेल्या संगणकात सी, डी, ई अशी अक्षरे दिसतात आणि पुष्कळांना वाटते की आत तीन ड्राइव्ह आहेत. प्रत्यक्षात ती बहुधा एकाच डिस्कची पार्टिशने असतात. एका घरात भिंती घालून तीन खोल्या केल्या तरी आग लागल्यावर तिन्ही खोल्या जळतात. तशीच ती डिस्क बंद पडली की सी, डी आणि ई तिन्ही एकदम जातात. म्हणून ‘सी मधले महत्त्वाचे फोटो डी मध्ये ठेवले आहेत’ या व्यवस्थेला बॅकअप म्हणता येत नाही. वेगळा ड्राइव्ह म्हणजे वेगळी वस्तू, वेगळी केबल आणि वेगळे आयुष्य.

विंडोज आणि गेम वेगवेगळ्या ड्राइव्हवर ठेवण्याचा मोठा फायदा विंडोज नव्याने टाकायची वेळ आल्यावर कळतो. २०२३ मध्ये आलेला ‘बाल्डर्स गेट ३’ हा गेम १५० जीबी जागा मागतो. १०० एमबीपीएसच्या जोडणीवर तेवढे उतरवून घ्यायला साध्या हिशोबाने ३ तास २० मिनिटे लागतात आणि ४० एमबीपीएसच्या जोडणीवर ८ तास २० मिनिटे. असे पाच-सहा गेम असतील तर विंडोज बदलण्याच्या एका दुपारच्या कामाचा आठवडा होतो. गेम स्वतंत्र ड्राइव्हवर असतील, तर विंडोजचा ड्राइव्ह पुसला तरी ते जागच्या जागी राहतात.

गेम फिरत्या हार्ड डिस्कवर का ठेवू नयेत, हेही समजून घ्यायला हवे. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेऱ्यासाठी ८.३ मिलिसेकंद लागतात, त्यामुळे हवी ती माहिती वाचकशीर्षाखाली येईपर्यंत सरासरी चार मिलिसेकंद वाट पाहावी लागते, आणि शीर्ष योग्य जागी सरकण्याचा वेळ त्यात मिळवला की प्रत्येक वाचनामागे दहा-बारा मिलिसेकंद जातात. सलग मोठी फाइल वाचताना हे जाणवत नाही. आजचे गेम मात्र खेळाडू चालत असताना पुढच्या परिसरातील पृष्ठभाग, आवाज आणि आकार हजारो लहान तुकड्यांत मागत राहतात. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसल्यामुळे हे तुकडे मिलिसेकंदाच्या एका लहानशा अंशात हाती येतात. म्हणूनच ‘बाल्डर्स गेट ३’ आणि त्याच वर्षीचा ‘स्टारफील्ड’ यांच्या किमान गरजांतच एसएसडी लिहिलेली आहे. दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे गेम हार्ड डिस्कवर आजही सुखाने चालतात, आणि ते तिथेच ठेवून एसएसडीची जागा वाचवणे शहाणपणाचे आहे.

वेगांचे आकडे असे आहेत: फिरती डिस्क सेकंदाला साधारण १५० ते २५० एमबी वाचते, साटा (जुन्या, हळू जोडणी-पद्धतीची) एसएसडी सुमारे ५५० एमबी, तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेसवरील (मदरबोर्डच्या वेगवान जोडणीवरील) एनव्हीएमई सुमारे ३५०० एमबी आणि चौथ्या पिढीवरील सुमारे ७००० एमबी. हे आकडे पाहून सर्वांत महाग एसएसडीकडे हात जातो, परंतु बहुतेक गेम सुरू होण्याच्या वेळेत हार्ड डिस्क आणि साटा एसएसडी यांच्यातला फरक प्रचंड, तर साटा आणि एनव्हीएमई यांच्यातला फरक थोड्या सेकंदांचा असतो. पडद्यावरील फ्रेमची संख्या तर ड्राइव्ह बदलून वाढत नाहीच. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: ठरलेल्या पैशांत १ टीबीची अतिवेगवान एसएसडी आणि २ टीबीची मध्यम वेगाची एसएसडी यांतून निवड करायची असेल, तर गेमसाठी २ टीबीचीच घ्यावी.

मदरबोर्डची पुस्तिका आणि खरेदी

दुकानात जाण्यापूर्वी मदरबोर्डची पुस्तिका उघडावी. छापील हरवली असेल तर उत्पादकाच्या संकेतस्थळावरून मॉडेलच्या नावाने उतरवून घ्यावी. तिच्यात एम.२ स्लॉट (एसएसडी थेट मदरबोर्डवर बसवण्याच्या खाचा) किती, साटा पोर्ट किती, आणि एक वापरल्याने दुसरे बंद पडते का, या तीन गोष्टी शोधायच्या असतात. तिसरी गोष्ट नवख्यांना हमखास अडकवते. अनेक बोर्डांवर दुसऱ्या एम.२ स्लॉटमध्ये एसएसडी बसवली की पाचवा आणि सहावा साटा पोर्ट बंद होतो, कारण दोघांचे माहिती वाहणारे मार्ग आतून एकच असतात. काही बोर्डांवर विशिष्ट एम.२ स्लॉट भरल्यास ग्राफिक्स कार्डाचे मार्ग सोळावरून आठवर येतात. हार्ड डिस्क नेमकी त्या बंद पोर्टात असेल तर ती दिसेनाशी होते आणि नवी एसएसडी किंवा डिस्क खराब आहे असा गैरसमज होतो. पुस्तिकेतील ती चार ओळींची टीप वाचली असती तर दुकानात परत केलेल्या कितीतरी डिस्क घरीच राहिल्या असत्या, असे मला मनापासून वाटते.

एम.२ हे केवळ आकाराचे आणि खाचेचे नाव आहे. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब. त्याच आकारात साटा पद्धतीची एसएसडीही मिळते आणि एनव्हीएमई पद्धतीचीही. फक्त एनव्हीएमई स्वीकारणाऱ्या स्लॉटमध्ये साटा पद्धतीची एम.२ एसएसडी बसलेली दिसते, पण ओळखली जात नाही. वेगवेगळ्या पिढ्यांच्या एनव्हीएमईबद्दल चिंता नको. चौथ्या पिढीची एसएसडी तिसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये चालते, फक्त वेग कमी मिळतो.

मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यात तपकीर गल्लीसारख्या बाजारातून खरेदी करताना, आणि ऑनलाइन घेतानाही, जीएसटीचे बिल घ्यावे, त्यावर ड्राइव्हचा अनुक्रमांक लिहून घ्यावा आणि घरी येताच तो क्रमांक उत्पादकाच्या संकेतस्थळावर घालून वॉरंटी भारतात लागू आहे की नाही हे तपासावे. वापरलेली डिस्क स्वस्तात मिळत असेल तर ती गेमसाठी एकवेळ चालेल; घरच्या फोटोंसाठी घेऊ नये.

हार्ड डिस्क घेताना ‘एसएमआर’ आणि ‘सीएमआर’ हे दोन शब्द विचारावेत. एसएमआर पद्धतीत माहितीचे पट्टे छपराच्या कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे जागा जास्त मिळते, पण खूप वेळ सलग लिहीत राहिले की वेग अचानक कोसळतो. साठवून ठेवण्यापुरती ती चालते. रोज लांब रेकॉर्डिंग करायचे असेल तर सीएमआर घ्यावी.

प्रत्यक्ष जोडणी

आधी महत्त्वाच्या फायलींची प्रत संगणकाबाहेर काढून ठेवावी. नंतर संगणक बंद करून एसएमपीएसच्या (आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या पेटीच्या) मागचे बटण बंद करावे, केबल काढावी आणि पॉवरचे बटण पाच सेकंद दाबून आत उरलेली वीज जिरू द्यावी. कोणत्याही सुट्या भागाला हात लावण्याआधी केबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला स्पर्श करावा, म्हणजे अंगावरील स्थिर वीज निघून जाते. सतरंजीवर किंवा गालिच्यावर बसून हे काम करू नये.

विंडोजची एनव्हीएमई एसएसडी प्रोसेसरला सर्वांत जवळच्या स्लॉटमध्ये घालावी, कारण सहसा तोच स्लॉट थेट प्रोसेसरशी जोडलेला असतो. धातूचे आच्छादन असेल तर ते काढून त्याच्या आतील मऊ पट्टीवरचे पारदर्शक प्लास्टिक सोलावे. ते राहून गेले तर उष्णता अडते. एसएसडीवरचा छापील कागद मात्र काढू नये, कारण वॉरंटी त्यावर अवलंबून असते. एसएसडी साधारण ३० अंशांच्या कोनात तिरकी घालून पूर्ण आत सरकवावी, मग दुसरे टोक अलगद खाली दाबून बारीक स्क्रूने किंवा बोर्डावरील खटक्याने अडकवावे. तो स्क्रू बोर्डाच्या खोक्यातील लहान पुडीत असतो आणि जमिनीवर पडला की सहजी सापडत नाही, म्हणून खाली पांढरा कपडा अंथरलेला बरा.

साडेतीन इंची हार्ड डिस्क केबिनेटमधील तिच्या कप्प्यात, रबरी वॉशर असतील तर त्यांच्यासह बसवावी. रबर नसेल तर डिस्कची घरघर संपूर्ण पत्र्यातून ऐकू येते. स्क्रूंमध्ये फरक असतो: साडेतीन इंची डिस्कला जाड आट्यांचे आणि अडीच इंची साटा एसएसडीला बारीक आट्यांचे स्क्रू लागतात, बसत नसलेला स्क्रू जोर लावून फिरवू नये. साटाच्या दोन्ही केबलींची टोके इंग्रजी ‘एल’ अक्षराच्या आकाराची असतात. सात पिनांची अरुंद केबल मदरबोर्डकडे जाते आणि पंधरा पिनांची रुंद केबल एसएमपीएसकडे.

येथे एका गोष्टीवर मी मुद्दाम थांबतो, कारण या चुकीत ड्राइव्ह कायमचा जळतो. ज्या एसएमपीएसच्या केबली सुट्या निघतात, त्या केबली त्याच एसएमपीएसच्या वापराव्यात. ड्राइव्हकडचे टोक सगळीकडे सारखे असले तरी एसएमपीएसकडच्या टोकातील पिनांचा क्रम प्रत्येक उत्पादकाचा, कधी कधी एकाच उत्पादकाच्या दोन मॉडेलांचाही, वेगळा असतो. केबल घट्ट बसते, मात्र पाच व्होल्टच्या जागी बारा व्होल्ट जातात आणि सुरू करताच त्या केबलवरचे सगळे ड्राइव्ह एकदम मरतात. केबल कमी पडत असेल तर त्याच मॉडेलची मागवावी. जुन्या चार पिनांच्या टोकावरून साटा काढणारे, प्लास्टिक ओतून बंद केलेले स्वस्त अडॅप्टरही टाळावेत. त्यांच्यात आत तारा एकमेकींना चिकटून आग लागण्याचा धोका असतो.

विजेच्या भाराची फारशी चिंता नसावी. फिरती डिस्क चालताना ५ ते ८ वॉट घेते. सुरू होतानाच्या क्षणी मात्र तिला वीस-पंचवीस वॉट लागतात.

बायोस आणि विंडोज: आधी एकच ड्राइव्ह

काही वर्षांपूर्वी मावसभावाचा संगणक जोडताना मी नवी एसएसडी आणि त्याची जुनी हार्ड डिस्क दोन्ही लावून विंडोज टाकले. आठ महिने सर्व सुरळीत होते. मग जुनी डिस्क कटकट आवाज करू लागली म्हणून ती काढली, आणि संगणक सुरूच होईना. विंडोज एसएसडीवर होते हे खरे. पण ते सुरू करून देणारे लहानसे पार्टिशन जुन्या डिस्कवर आधीपासून होते आणि विंडोजच्या स्थापना-प्रक्रियेने तेच वापरले होते. डिस्क मरत असती आणि आम्हाला ठाऊक नसते, तर चांगली एसएसडी असूनही संगणक एके सकाळी बंद पडला असता. तेव्हापासून मी एकच नियम पाळतो: विंडोज टाकताना फक्त विंडोजचाच ड्राइव्ह जोडलेला असावा. साटा ड्राइव्हच्या केबली काढून ठेवाव्यात आणि गेमची एनव्हीएमई एसएसडी नंतरच बसवावी. चुकून दुसरा ड्राइव्ह पुसला जाण्याची भीतीही त्यामुळे राहत नाही.

संगणक सुरू होताच डिलीट किंवा एफ२ कळ दाबत राहिल्यास बायोस (विंडोजच्या आधी चालणारा मदरबोर्डचा स्वतःचा प्रोग्राम) उघडते. तेथे एसएसडीचे नाव दिसते का, हे आधी पाहावे. विंडोज ११ ला यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) आणि टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) लागते, म्हणून ‘सीएसएम’ नावाची जुनी पद्धत बंद असावी. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढच्या काही संगणकांत बायोसला ड्राइव्ह दिसतो, पण विंडोजच्या स्थापनेत यादी रिकामी येते. त्याचे कारण बहुधा ‘व्हीएमडी’ ही इंटेलची ड्राइव्ह हाताळण्याची सोय असते. तो पर्याय बंद करावा किंवा इंटेलचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवरून द्यावा. विंडोज आधीच टाकलेल्या संगणकात मात्र हा पर्याय सहज म्हणून बदलू नये, नाहीतर चालू असलेले विंडोज उघडत नाही.

विंडोज टाकून एकदा नीट सुरू झाले की संगणक पुन्हा बंद करून उरलेले दोन ड्राइव्ह जोडावेत. जुन्या लॅपटॉपमधून काढलेला ड्राइव्ह वापरणार असाल, तर तो काढण्याआधीच बिटलॉकर (ड्राइव्ह कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) सुरू आहे का ते पाहावे आणि त्याची रिकव्हरी की लिहून ठेवावी. हल्लीच्या अनेक लॅपटॉपमध्ये ती मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. की नसेल तर आतील फायली उघडण्याचा मार्ग उरत नाही.

नवे ड्राइव्ह वापरण्याजोगे करणे

कोरा ड्राइव्ह जोडला तरी ‘धिस पीसी’ मध्ये काहीच दिसत नाही. विंडोजची कळ आणि एक्स एकत्र दाबून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडावे. नवा ड्राइव्ह सापडल्यावर विंडोज एमबीआर की जीपीटी असे विचारते. डिस्कवरील पार्टिशने नोंदवण्याच्या या दोन पद्धती आहेत. येथे जीपीटी निवडावे. एमबीआर पद्धतीला २०४८ जीबीपलीकडची जागा दिसत नाही, त्यामुळे आपल्या ४ टीबीच्या डिस्कवरील सुमारे १६७८ जीबी वाया जाईल. चार टीबीची डिस्क विंडोजमध्ये ३७२६ जीबी दिसते म्हणून फसवणूक झाली असे समजू नये. उत्पादक हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या. त्याच हिशोबाने १ टीबीची एसएसडी ९३१ जीबी दिसते.

काळ्या पट्टीवर माउसची उजवी कळ दाबून ‘न्यू सिंपल व्हॉल्यूम’ निवडावे, फायली मांडण्याची पद्धत एनटीएफएस ठेवावी आणि अ‍ॅलोकेशन युनिट आहे तसेच राहू द्यावे. एसएसडीसाठी ‘क्विक फॉरमॅट’ पुरेसे आहे. नव्या हार्ड डिस्कसाठी मी ती खूण काढून पूर्ण फॉरमॅट करतो. ४ टीबीला सहा तासांहून अधिक वेळ जातो, परंतु डिस्कचा प्रत्येक कोपरा एकदा लिहून पाहिला जातो आणि सदोष वस्तू परत देण्याची मुदत असतानाच दोष कळतो.

अक्षर निवडतानाही थोडा विचार हवा, कारण गेम एकदा बसवल्यावर अक्षर बदलले की त्यांचे मार्ग (ड्राइव्ह आणि फोल्डरचे पत्ते) तुटतात. गेमसाठी डी आणि रेकॉर्डिंगसाठी आर हे लक्षात राहण्यासारखे आहे. ड्राइव्हला ‘खेळ’ किंवा ‘चित्रीकरण’ असे मराठी नाव खुशाल द्यावे, त्याने अडचण येत नाही. फोल्डरची आणि विंडोजमधील वापरकर्त्याची नावे मात्र रोमन लिपीत ठेवावीत, कारण देवनागरी अक्षरे असलेल्या मार्गावर काही गेम सुरू होत नाहीत किंवा खेळ साठवत नाहीत. आपल्या लिपीवर हा अन्याय आहे असे मला वाटते, पण तूर्त वस्तुस्थिती हीच आहे.

गेम आणि फायली योग्य जागी

स्टीम या गेम विकत घेण्याच्या व बसवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये सेटिंग्जमधील ‘स्टोरेज’ भागात जाऊन डी ड्राइव्ह जोडावा आणि तो मुख्य ठरवावा. आधीचे गेम हलवण्यासाठी गेमच्या ‘प्रॉपर्टीज’ मधील ‘इन्स्टॉल्ड फाइल्स’ येथून ‘मूव्ह’ करावे. फोल्डर हाताने उचलून नेऊ नये. विंडोज नव्याने टाकल्यावर हाच ड्राइव्ह पुन्हा जोडला की स्टीम सगळे गेम ओळखते. एपिक या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत थोडी खटपट पडते: जुन्या फोल्डरचे नाव तात्पुरते बदलून त्याच जागी गेम बसवायला सुरुवात करावी, थोडे उतरल्यावर थांबवावे, जुना फोल्डर मूळ नावाने परत ठेवावा आणि पुढे चालू करावे. मग एपिक फायली तपासून घेते आणि जवळपास काहीच नव्याने उतरवत नाही.

गेम डी वर असले तरी तुमची प्रगती साठवणाऱ्या फायली बहुतेक वेळा सी वरच, ‘डॉक्युमेंट्स’ किंवा लपलेल्या ‘अ‍ॅपडेटा’ फोल्डरात असतात. विंडोजचा ड्राइव्ह पुसताना शंभर तासांचा खेळ जातो तो यामुळेच. स्टीम क्लाउड सर्व गेमना लागू नसते, म्हणून हे दोन फोल्डर आधी आर ड्राइव्हवर उतरवून घ्यावेत.

रेकॉर्डिंग करणाऱ्या सॉफ्टवेअरचे लेखनस्थान आर ड्राइव्ह ठेवावे. ५० एमबीपीएसचे चित्रीकरण सेकंदाला जेमतेम सव्वासहा एमबी लिहिते, जे फिरत्या डिस्कला मुळीच जड नाही. तासाला मात्र साडेबावीस जीबी जागा जाते, आणि ती महाग एसएसडीवर खर्च करण्यात अर्थ नाही. ‘व्हिडिओज’ आणि ‘डाउनलोड्स’ हे फोल्डरही त्यांच्या ‘लोकेशन’ टॅबवरून आर वर नेता येतात. त्यासाठी आधी तेथे स्वतंत्र फोल्डर तयार करावेत. थेट संपूर्ण ड्राइव्हच निवडला तर पुढे ती गुंतागुंत सोडवताना फार त्रास होतो.

वीस मिनिटे न वापरलेली हार्ड डिस्क विंडोज झोपवते, आणि तिच्यातले काही मागितले की ती पुन्हा फिरेपर्यंत संगणक काही सेकंद अडकल्यासारखा वाटतो. हा बिघाड नाही. खेळताना तो त्रास होत असेल तर पॉवरच्या प्रगत सेटिंगमध्ये ही वेळ वाढवावी.

दोन एसएसडी रेड ० मध्ये (माहिती दोहोंवर वाटून एकच ड्राइव्ह असल्यासारख्या) जोडून वेग दुप्पट करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो घेऊ नये. गेममध्ये त्याचा उपयोग नगण्य आहे आणि दोहोंपैकी एक गेली की दोन्हींवरचे सर्व जाते.

चालू झाल्यानंतर

एसएसडी काठोकाठ भरू नये. दहा ते वीस टक्के जागा मोकळी असली की लिहिण्याचा वेग टिकतो. विंडोज आपणहून आठवड्याला एसएसडीवर ट्रिम (पुसलेल्या जागेची साफसफाई) आणि हार्ड डिस्कवर डीफ्रॅग (विखुरलेल्या तुकड्यांची जुळणी) करते, त्यामुळे वेगळे सॉफ्टवेअर नको. पावसाळ्यात वीज वारंवार जाणाऱ्या गावांत यूपीएस घ्यावा, कारण लिहीत असताना अचानक वीज गेली की अर्धवट लिहिलेल्या फायली आणि कधी संपूर्ण पार्टिशनच बिघडते.

महिन्यातून एकदा क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर उघडावे. हार्ड डिस्कच्या यादीत ०५ आणि सी५ या ओळींतील मूळ आकडा शून्य असावा. ते आकडे वाढत असतील तर डिस्कचा पृष्ठभाग खराब होत आहे आणि त्याच दिवशी फायली दुसरीकडे हलवायला हव्यात. सी७ वाढत असेल तर दोष बहुधा केबलचा असतो, म्हणून शंभर-दीडशे रुपयांची साटा केबल बदलून आठवडाभर पाहावे आणि मगच डिस्कवर निर्णय घ्यावा. हे आकडे सुरुवातीला षोडशमान पद्धतीत दिसतात, त्यामुळे अक्षरे मिसळलेला मोठा आकडा पाहून घाबरू नये. सेटिंगमधून दशमान करून घ्यावा.

शेवटी एक चिठ्ठी करून केबिनेटच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवावी: कोणत्या स्लॉटात किंवा पोर्टात कोणता ड्राइव्ह, त्याच्या अनुक्रमांकाचे अखेरचे चार आकडे, त्याचे अक्षर, खरेदीची तारीख आणि वॉरंटी संपण्याची तारीख. बिलाचा फोटो फोनमध्ये ठेवावा. तो याच संगणकावर ठेवला, तर ड्राइव्ह बंद पडलेल्या दिवशी तो सापडणार नाही.